वाचकांचे प्रश्न : काळ्या गाडीचा रंग घरच्या घरी कसा सांभाळावा?

यंदा उन्हाळा लागल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये काळ्या आणि गडद निळ्या गाड्यांच्या तक्रारी सर्वाधिक आहेत. म्हणून हे पानभर तोच विषय घेतला आहे. पत्रं जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली आहेत. नावं गाळून फक्त गावं दिली आहेत.

पांढऱ्या गाडीच्या आणि काळ्या गाडीच्या वरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये, सहसा फरक नसतो. चरे दोन्हींवर सारखेच पडतात. पांढऱ्यावर ते दिसत नाहीत, काळ्यावर आरशातल्यासारखे दिसतात. शिवाय आपल्याकडे काळ्या मातीची धूळ, क्षारांचं बोअरचं पाणी आणि 45 अंशांचं ऊन हे तिन्ही एकत्र येतं. पुण्या-मुंबईकडे चालणारे काही उपाय इथे चालत नाहीत ते त्यामुळेच.

प्रश्न (जळगाव) : नवी काळी एसयूव्ही घेऊन आठ महिने झाले. रोज सकाळी स्वच्छ फडक्याने पुसतो. तरी रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली बॉनेटवर कोळ्याचं जाळं पसरल्यासारखं दिसतं. कंपनीचा रंगच हलका आहे का?

रंग हलका नाही. ते रोजच्या पुसण्याचे ओरखडे आहेत. दिव्याभोवती ते गोल दिसतात, पण प्रत्यक्षात सगळ्या दिशांना गेलेले बारीक सरळ चरे असतात. त्यांतले दिव्याच्या प्रकाशाला आडवे येणारे तेवढे चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळ भासतं. दिवा हलवा, वर्तुळही हलेल.

क्लिअर कोट साधारण 35 ते 50 मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही बारीक. त्यावर बसलेल्या धुळीत वाळूचे टोकदार कण असतात. कोरडं फडकं फिरवलं की ते कण कापडाखाली अडकून रंगावरून घासत जातात. फडकं कितीही मऊ असलं तरी धूळ मऊ नसते. जुनी बनियन, धोतराचा तुकडा, पिवळं फडकं, लांब दांड्याची झटकणी, सगळ्यांचा परिणाम तोच. तेव्हा आजपासून कोरडं पुसणं पूर्ण बंद करा. धूळ बसलेली गाडी दोन दिवस तशीच उभी राहिली तर रंगाचं काही बिघडत नाही.

आठवड्यातून एकदा धुवा, पण नीट धुवा. त्यासाठी 15 लिटरच्या दोन बादल्या, मायक्रोफायबरचा हातमोजा, गाडीचा शाम्पू आणि सुकवायला एक मोठा जाड टॉवेल लागतो. एका बादलीत साधं पाणी, दुसरीत शाम्पूचं. शाम्पूचं प्रमाण बाटलीवर दिलेलं असतं, बहुतेकांचं 10 लिटरला 20 ते 30 मिली. जास्त घातल्याने गाडी जास्त स्वच्छ होत नाही, धुतल्यावर साबण मागे राहतो तेवढंच. कपड्यांची पावडर वापरू नका. ती तीव्र अल्कधर्मी असते, आधीचं वॅक्स उतरवते आणि काळ्या प्लास्टिकला पांढुरकं करते. भांड्यांचा साबणही वॅक्स काढतो.

बॉनेटला हाताची मागची बाजू लावून बघा. गरम लागत असेल तर थांबा. आधी चाकं आणि मडगार्डच्या आतली माती वेगळ्या ब्रशने, वेगळ्या पाण्याने काढून घ्या. मग टपापासून खाली नुसतं पाणी मारा, अगदी पाच मिनिटं. गाडीला हात लावायचा नाही. काळी माती चिकणमातीची असते. वाळली की घट्ट धरून बसते आणि भिजायला वेळ घेते. दरवाज्यांच्या खालच्या भागात माती सुकली असेल तर शाम्पूचं पाणी फवारून आणखी पाच मिनिटं मुरू द्या, पण वाळू देऊ नका.

त्यानंतर हातमोजा शाम्पूत बुडवून आधी टप, मग काचा, बॉनेट, दरवाज्यांचा वरचा भाग आणि सर्वांत शेवटी खालचा भाग. हात सरळ रेषेत, नुसत्या मोज्याच्या वजनाने फिरवा. एक पत्रा झाला की मोजा साध्या पाण्याच्या बादलीत खंगाळा, पिळा, मग पुन्हा शाम्पूत. त्या पहिल्या बादलीच्या तळाशी शेवटी जो गाळ दिसेल, तो एकाच बादलीत धुतलं असतं तर पुन्हा बॉनेटवर गेला असता. मोजा जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद.

सुकवताना टॉवेल घासू नका. पसरून ठेवा, वरून थापटा, उचला. टॉवेल आणि मोजा साध्या द्रव साबणात वेगळे धुवा. कपडे मऊ करणारं द्रव्य घातलं तर मायक्रोफायबर पाणी शोषेनासं होतं.

पडलेले चरे मात्र धुण्याने जाणार नाहीत. त्यासाठी अमळनेरच्या पत्राचं उत्तर पुढे वाचा.

प्रश्न (चोपडा) : बोअरच्या पाण्याने गाडी धुतो. वाळल्यावर पांढरे गोल डाग राहतात आणि आता तर धुतल्यावरही जात नाहीत. घरातल्या आर.ओ.चं वाया जाणारं पाणी वापरलं तर चालेल का?

ते वाया जाणारं पाणी शेवटच्या धुण्याला चुकूनही वापरू नका. आर.ओ. यंत्र क्षार वेगळे करून नेमक्या त्याच पाण्यात सोडतं, म्हणजे ते तुमच्या बोअरच्या पाण्याहूनही जड असतं. टायर आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला ते खुशाल मारा.

डाग कशाने पडतो ते आकड्यात बघा. पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं लिटरला मिलिग्रॅममधलं माप, 1000 असेल तर प्रत्येक लिटरमध्ये एक ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. धुऊन झाल्यावर गाडीवर अर्धा लिटर पाणी थेंबाथेंबाने राहिलं आणि उन्हात वाळलं, तर अर्धा ग्रॅम पांढरी पूड रंगावर राहिली. पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस 500 पर्यंत योग्य आणि दुसरी सोय नसेल तर 2000 पर्यंत चालतो, पण काळ्या रंगावर 500 चं पाणीसुद्धा डाग सोडतं. टीडीएस मोजायचा पेनासारखा मीटर स्वस्तात मिळतो. एकदा मोजून ठेवा.

उपाय सोपा आहे. सगळी गाडी बोअरच्या पाण्यानेच धुवा, पण एकाही पत्र्यावर पाणी वाळू देऊ नका. उन्हाळ्यात एक बाजू धुऊन, सुकवून मगच दुसरीकडे वळा. शेवटी नळीची तोटी काढून टाका आणि पाणी टपावरून चादरीसारखं संथ सोडा. फवाऱ्याने थेंब चिकटून राहतात, चादरीसारखं सोडलेलं पाणी बरंचसं स्वतःबरोबर घेऊन खाली उतरतं. त्यावर आर.ओ.चं पिण्याचं पाणी पाच-सहा लिटर, हातपंपाने टप, बॉनेट आणि काचांवर मारून लगेच टिपा. पावसाळ्यात पहिले दोन-तीन पाऊस सोडून घराच्या पत्र्यावरून साठवलेलं पाणी या कामाला उत्तम. शेतातला फवारणीचा जुना पंप मात्र घेऊ नका. कितीही धुतला तरी औषधाचा अंश टाकीत आणि नळीत राहतो. पाच लिटरचा नवा हातपंप घ्या आणि तो गाडीसाठीच ठेवा.

आधी बसलेल्या डागांचे दोन प्रकार आहेत. काही नुसते वर बसलेले असतात. त्यांना पांढरं व्हिनेगर आणि आर.ओ.चं पाणी समप्रमाणात मिसळून लावा : सावलीत, थंड पत्र्यावर, मायक्रोफायबर ओलं करून डागावर एक मिनिट ठेवा. फार तर दोन मिनिटं. मग भरपूर पाणी आणि त्यानंतर शाम्पू. व्हिनेगर नसेल तर अर्धा लिटर पाण्यात एक सपाट चमचा सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, तेच काम करतं. न रंगवलेल्या ॲल्युमिनियमवर आणि क्रोमवर हे जाऊ देऊ नका. फरशी-संडासाचं ॲसिड कधीही नाही. या उपायाने आधीचं वॅक्सही उतरतं, ते नंतर पुन्हा लावावं लागेल.

दुसरा प्रकार रंगात उतरलेला असतो. व्हिनेगरनंतरही बोटाला काही लागत नाही, पण तिरप्या उजेडात डागाची कड खळग्यासारखी दिसते. तिथे क्लिअर कोट खाल्ला गेला आहे. तो पॉलिशनेच निघेल, आणि फार खोल असेल तर राहू द्यावा.

प्रश्न (धुळे) : आमच्या भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी. गाडी धुवायला पन्नास-साठ लिटर कुठून आणायचं?

रिन्सलेस वॉश नावाचं द्रव्य मिळतं, ते तुमच्यासाठीच आहे असं समजा. त्यात धुळीच्या कणांभोवती चिकटून त्यांना निसरडं करणारे घटक असतात आणि ते पाण्याने धुऊन काढावं लागत नाही. नेहमीचं प्रमाण 1 ला 256 : साडेसात लिटर पाण्यात सुमारे 30 मिली. संपूर्ण गाडी दहा लिटरच्या आत होते. बाटलीवर वेगळं प्रमाण असेल तर तेच पाळा.

आठ-दहा मायक्रोफायबर कापडं त्या बादलीत भिजत घाला. तेच पाणी फवाऱ्याच्या बाटलीत भरून एका पत्र्यावर भरपूर मारा, दोन मिनिटं थांबा. कापड हलकं पिळा, चौघडी करा. चौघडी उलटसुलट केली की आठ स्वच्छ बाजू मिळतात. एका बाजूने एकदाच, एकाच दिशेने पुसा आणि ती बाजू आत दुमडा. वापरलेलं कापड पुन्हा बादलीत टाकायचं नाही. लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपा. सगळी चूक इथेच होते, दोन कापडांत गाडी उरकायला गेलात तर फडक्याने पुसल्यात आणि यात काही फरक राहत नाही.

चिखलाने माखलेल्या गाडीला ही पद्धत लावू नका. महामार्गाच्या कामातून आलेली किंवा शेतरस्त्याची गाडी असेल तर आधी पाण्यानेच माती उतरली पाहिजे. तेवढं एकदा वॉशिंग सेंटरला जा, पण त्यांना सांगा की फक्त पाणी मारा, हात लावू नका. प्रेशरचा पाइप पत्र्यापासून किमान फूट-दीड फूट लांब धरायला सांगा. दगड लागून जिथे रंगाचा टवका उडाला असेल तिथे जवळून पाणी मारलं तर टवका वाढतो.

प्रश्न (रावेर) : काळ्या पिकअपवर केळीचे घड भरताना चीक सांडतो. वाळल्यावर मागच्या फळीवर आणि बाजूंवर निस्तेज, चिकट पट्टे राहतात.

केळीच्या चिकात टॅनिनसारखे घटक असतात. हवा लागली की ते तपकिरी-काळे होऊन घट्ट बसतात, कपड्यांवरचा डाग जात नाही तो त्यामुळे. काळ्या रंगावर त्याचा रंग दिसत नाही, पण चमक मेलेला पट्टा दिसतो आणि त्यावर धूळ चिकटत जाते.

ओला असताना चीक नुसत्या पाण्याने निघतो. म्हणून भरणी झाल्या झाल्या, बागेतच, दोन तांबे पाणी ओता. फडकं फिरवू नका. वाळलेल्यावर शाम्पूच्या कोमट पाण्यात बुडवलेलं कापड दहा मिनिटं चिकटवून ठेवा आणि मग मोज्याने काढा. उरलेल्या खुणेवर आयसोप्रोपिल अल्कोहोल (औषध दुकानात 70 टक्क्यांचं मिळतं) एक भाग आणि शुद्ध पाणी दोन भाग करून कापडाने हलकेच पुसा. तरी पट्टा राहिला तर बारीक पॉलिश. सूर्य डोक्यावर असताना यातलं काहीही करू नका.

मागच्या फळीला आणि दोन्ही बाजूंना दर तीन महिन्यांनी सिंथेटिक सीलंट (रंगावर पातळ संरक्षक थर देणारं कृत्रिम द्रव्य) लावत गेलात तर चिकाला धरायला जागा कमी मिळते. फळीवर गोणपाट टाकण्याची पद्धत आहे, पण गोणपाटाच्या खाली माती अडकते आणि गाडी हादरली की ते काथ्याच्या ब्रशसारखं घासतं. त्याऐवजी रेक्झिन टाका, आणि टाकण्याआधी त्याची खालची बाजू धुवा. दोर बांधताना तो रंगावरून ओढू नका, उचलून टाका.

प्रश्न (भुसावळ) : गाडी कडुनिंबाखाली लावतो. पक्ष्यांच्या विष्ठेचे ठसे बॉनेटवर कायमचे उमटले आहेत. शिवाय वरून राखेसारखी बारीक धूळ बसते.

विष्ठेत युरिक ॲसिड असतं, पण अर्धं काम ऊन करतं. मे महिन्यातल्या दुपारी काळं बॉनेट 70 अंशांच्या वर तापतं आणि क्लिअर कोट नरम पडून फुगतो. वरची विष्ठा मात्र वाळून आकसते. संध्याकाळी रंग थंड होताना त्या आकसलेल्या कवचाभोवती आवळला जातो आणि ठसा राहतो. म्हणून जे पुण्यात दोन दिवस चालतं ते भुसावळला दोन तासही चालत नाही.

डिकीत पाण्याची फवाऱ्याची बाटली आणि टिश्यू पेपर ठेवा. पेपर ओला करून विष्ठेवर पसरा, दहा मिनिटं ओला ठेवा, मग एका बाजूने उचला. पुसू नका, तीत झाडांच्या बिया आणि खडे असतात. जुन्या ठशावर बारीक पॉलिशने कड सौम्य होते. पूर्ण जाईलच असं नाही.

राखेबद्दल : ती कोळशाची असेल तर तीत मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिनाचे कडक, काचेसारखे कण असतात. मातीच्या धुळीपेक्षाही ती कोरडी पुसणं वाईट. पाण्याने उतरवा आणि रात्रीचं दव पडण्याआधी उतरवलीत तर उत्तम, कारण ओली राख वाळली की चिकटते. रेल्वेच्या रुळांजवळ गाडी उभी राहत असेल तर लोखंडाचे कणही रंगात रुतलेले असणार. धुतलेल्या बॉनेटवर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटं फिरवा. खरखर लागली तर आयर्न रिमूव्हर मारा. तो लोखंडावर जांभळा होऊन ओघळतो, त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तीन-चार मिनिटांत, वाळण्याआधी, धुऊन टाका.

प्रश्न (अमळनेर) : घरी मशीनने पॉलिश करायचं आहे. गॅरेजवाले रबिंग करून देतात, पण पंधरा दिवसांत चरे परत दिसतात. नेमकं काय घ्यावं आणि कसं करावं?

चरे परत येत नाहीत, ते गेलेलेच नसतात. बऱ्याच पॉलिशमध्ये तेल आणि भरणारे घटक असतात. ते चऱ्यात बसतात, दोन-चार धुण्यांत निघून जातात. शिवाय गॅरेजमधलं फिरतं बफ मशीन अनुभवी हातात नसेल तर नवे, ढगासारखे फिरते पट्टे उमटवतं. सूर्यप्रकाशात ते काळ्या दरवाज्यावर स्पष्ट दिसतात.

घरासाठी ड्युअल ॲक्शन मशीन घ्या. त्याचं पॅड फिरतं आणि त्याच वेळी हलतंही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही आणि रंग जळायचा धोका फार कमी. पाच इंची बॅकिंग प्लेट (पॅड जिच्यावर बसतं ती तबकडी), मऊ आणि मध्यम फोमची मिळून चार-पाच पॅडं, बारीक पॉलिशची एक बाटली. भारी कंपाऊंड, म्हणजे जास्त कापणारं भरड पॉलिश, आधीच घेऊन ठेवू नका.

नखाची परीक्षा आधी करा. चऱ्यावरून आडवं नख फिरवल्यावर अडकलं तर तो चरा पॉलिशने जाणार नाही. त्याच्या मागे लागणाऱ्यांनी क्लिअर कोट घालवला आहे. संपूर्ण थर 35 ते 50 मायक्रॉनचा. भारी कंपाऊंड एका फेरीत दोन ते चार मायक्रॉन काढू शकतं, बारीक पॉलिश एक किंवा त्याहून कमी. उन्हापासून जपणारे घटक याच थरात असतात. चमकदार गाडी तीन वर्षांनी टपावर पांढरी पडून सोलायला लागते, ती पुष्कळदा अति रबिंगमुळे.

गाडी धुऊन क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेले कण ओढून काढणारा मळलेल्या मातीसारखा गोळा, फिरवा. 50 ग्रॅमचा तुकडा घ्या, शाम्पूच्या पाण्याने रंग निसरडा ठेवा आणि खरखर थांबेपर्यंत हलका हात. क्ले मळत राहून स्वच्छ बाजू वर आणा. जमिनीवर पडला तर फेकून द्या, हळहळू नका. मग रबरी पट्ट्या, काळं प्लास्टिक आणि पत्र्याच्या धारदार कडा मास्किंग टेपने झाका. कडांवर रंग सर्वांत पातळ असतो.

बॉनेटच्या कोपऱ्यात 45 सेंटिमीटर चौरसाचा एक नमुना करा. मऊ पॅड, वाटाण्याएवढे चार थेंब पॉलिश. पहिल्या वेगावर पसरवा, मग चौथ्या-पाचव्या वेगावर न्या. आधी आडव्या, मग उभ्या ओळी, प्रत्येक ओळ आधीच्या अर्ध्यावर, अशा चार ते सहा फेऱ्या. हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटरच पुढे सरकला पाहिजे. बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक उभी रेघ ओढून ठेवा. ती रेघ फिरताना दिसत असेल तर दाब बरोबर आहे. रेघ थांबली आणि मशीन नुसतं थरथरलं तर तुम्ही जास्त दाबताय किंवा पॅड तिरपं धरताय, आणि अशा वेळी चरा अजिबात कापला जात नाही.

पुसल्यावर वर रावेरच्या उत्तरात सांगितलेलं अल्कोहोलचं पाणी मारून तेल काढा आणि सावलीत मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून बघा. सत्तर-ऐंशी टक्के चरे गेले असतील तर तोच जोड संपूर्ण गाडीला लावा. नसतील तर आधी मध्यम पॅड, तेच पॉलिश. एवढ्यावरही पुरलं नाही तरच कंपाऊंड, आणि त्यानंतर पुन्हा बारीक पॉलिश करावंच लागतं. नाहीतर काळ्यावर धुरकटपणा राहतो.

आपल्या हवेत पॉलिश पटकन सुकतं. सुकलेलं पॉलिश पूड होऊन पुन्हा चरे पाडतं. मार्च ते जून हे काम टाळा. करायचंच असेल तर पहाटे सहा ते नऊ, सावलीत, आणि चौरस 30 सेंटिमीटरचा ठेवा. दर चौरसानंतर पॅडवर जुना दात घासायचा ब्रश फिरवून पूड झटका, दर दोन-तीन पत्र्यांनंतर पॅड बदला. एक एसयूव्ही नीट करायला दोन सकाळी लागतात. वर्षातून एकदापेक्षा जास्त करू नका.

जुन्या जीपचा किंवा ट्रॅक्टरचा रंग क्लिअर कोटशिवाय असू शकतो. पांढऱ्या कापडाला पॉलिश लावून घासल्यावर गाडीचा रंग कापडावर उतरला तर तो तसा आहे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त हात आणखी हलका ठेवा.

प्रश्न (शहादा) : वॅक्स, टेफ्लॉन की सिरॅमिक? आमच्या उन्हात काय टिकतं?

कार्नौबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं आणि 82 ते 86 अंशांना वितळतं. काळं बॉनेट त्याच्या जवळपास तापतं, म्हणून उन्हाळ्यात ते काही आठवडेच टिकतं. नरम पडल्यावर धूळही धरतं. चमक मात्र सुंदर. हिवाळ्यात, लग्नसराईसाठी लावा.

टेफ्लॉनच्या नावाने विकलं जातं त्याबद्दल एवढंच : खरं टेफ्लॉन 327 अंशांना वितळतं, तव्यावर बसतं तसं ते गाडीच्या रंगावर बसवता येत नाही. तुम्हाला मिळतं ते पॉलिमरचं सीलंट, आणि ते घरी लावता येतं.

आमची शिफारस आपल्या हवेसाठी सिंथेटिक सीलंटची. तीन ते सहा महिने टिकतं, चुकलं तर पुसता येतं. सबंध गाडीला 25-30 मिली पुरतं. पॅडवर इतकं थोडं घ्या की रंगावर जेमतेम धूसर पडदा दिसेल. पंधरा-वीस मिनिटांनी पुसा आणि बारा तास पाणी लागू देऊ नका. जाड लावल्याने संरक्षण वाढत नाही, पांढरे पट्टे राहतात. काळ्या प्लास्टिकवर लागलं तर लगेच ओल्या कापडाने काढा.

सिरॅमिक चांगलं, पण घरी लावायला अवघड. ते लावल्यावर काही सेकंदांत ते दोन मिनिटांत पुसून सपाट करावं लागतं. मे महिन्यात तेवढा वेळच मिळत नाही आणि काळ्यावर इंद्रधनुषी डाग राहतात, ते मग पॉलिशनेच निघतात. लावायचंच तर डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी, बंद गॅरेजमध्ये, आधी पॉलिश करून. कारण खालचे चरे ते लपवत नाही, कोंडून ठेवतं. बाटलीवरचं ‘9 एच’ हे पेन्सिलच्या कडकपणाचं माप आहे, हिऱ्याचं नाही. दगड, किल्ली, पिशवीची बक्कल यांपुढे त्याचा काही उपयोग नाही. सुरत-नागपूर महामार्गावर रोजची ये-जा असेल तर बंपर आणि बॉनेटच्या पुढच्या भागाला 150 ते 200 मायक्रॉनची पारदर्शक पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) लावा. खड्यांचा मार तीच सोसते.

गॅरेजमध्ये नुकतंच पेंटिंग झालेल्या पत्र्याला मात्र 30 ते 60 दिवस यांतलं काहीही लावू नका. रंगातलं थिनर पूर्ण उडायला तेवढा वेळ लागतो.

प्रश्न (पाचोरा) : दसऱ्याला बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढतो. मागच्या वर्षी डाग राहिला, शिवाय हाराच्या जागी चरे पडले.

पूजा जरूर करा, जागा आणि पद्धत तेवढी बदला. कोरडं कुंकू बोटाने दाबून ओढलं की रवाळ कण रंगावर घासले जातात. कुंकू पाण्यात कालवा आणि स्वस्तिक काचेच्या कोपऱ्यात काढा. बॉनेटवरच काढायचं असेल तर आदल्या दिवशी गाडी धुऊन सीलंट लावा आणि पूजा झाल्यावर तासाभरात, न घासता, भरपूर पाण्याने उतरवा. हळदीचा उरलेला पिवळेपणा उन्हाने फिका पडतो, कुंकवातला कृत्रिम रंग पडेलच असं नाही. पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर तो जास्त मुरतो.

हारात बहुधा लोखंडी तार असते. गाडी धावली की ती तार आणि दोऱ्याच्या गाठी तासन् तास एकाच जागी घासतात. दोऱ्याचा हार घ्या, जाळीला बांधा, आणि गाडी घराबाहेर काढण्याआधी उतरवा. झेंडूची ओली फुलं रात्रभर रंगावर ठेवू नका. फुलं चिकटवलेल्या सेलोटेपचा गोंद राहिला असेल तर त्यावर दोन थेंब खोबरेल तेल पाच मिनिटं ठेवा, गोंद सुटेल, मग शाम्पूने तेल काढा. नखाने किंवा ब्लेडने खरवडू नका. फोडलेल्या नारळाचं पाणी उडालं असेल तर तेही धुवा, ते गोड आणि चिकट असतं.

प्रश्न (चाळीसगाव) : वॉशिंग सेंटरवाले शेवटी डिझेलचा हात मारतात, गाडी काळीभोर दिसते. ओरखड्यावर टूथपेस्ट लावावी का?

दोन्ही नाही. डिझेलने रबरी पट्ट्या फुगतात, आणि त्या तेलकट थरावर बसलेली धूळ पुढच्या पुसण्यात चरे पाडते. टूथपेस्टमध्ये दातांसाठीचे घासणारे कण असतात, त्यांनी ओरखड्याभोवती धुरकट ठिपका तयार होतो.

प्रश्न (नंदुरबार) : काळ्या मोटारसायकलच्या टाकीवर गुडघ्यांच्या जागी चमक गेली. दुसरी गाडी मॅट काळी आहे, तिलाही हेच पॉलिश चालेल?

गुडघ्याची जागा धुळकट पँटच्या घासण्याने जाते. तिथे हाताने, फोमच्या छोट्या पॅडने बारीक पॉलिश लावा आणि वर पीपीएफचा तुकडा चिकटवा. किल्लीला जाड जुडगा लटकवू नका. पेट्रोल सांडलं तर लगेच पाणी ओता, वाळेपर्यंत पुसत बसू नका. इंजिन थंड व्हायला अर्धा तास देऊन मगच धुवा.

मॅट गाडीला पॉलिश, वॅक्स, क्ले काहीही लावायचं नाही. मॅटपणा पृष्ठभागाच्या खडबडीतपणातून येतो. घासून गुळगुळीत झालेला भाग चकाकतो आणि पूर्वीसारखा पुन्हा करता येत नाही. मॅटसाठीचा शाम्पू, भरपूर पाणी, टिपून सुकवणं, बस.

प्रश्न (साक्री) : गाडी अंगणात उभी असते. कव्हर घातलं तर रंग सुरक्षित राहील ना?

धुतलेल्या, कोरड्या गाडीवर आणि वारा नसलेल्या जागी घातलं तरच. धुळीच्या गाडीवर घातलेलं कव्हर म्हणजे गाडीच्या आकाराचं फडकं. वावटळीत ते फडफडतं आणि आरशांच्या, टपाच्या कडांवर रंग धूसर करतं. ओल्या गाडीवर घातलं तर आत वाफ कोंडून डाग पडतात.

अंगणात जागा असेल तर कव्हरचे पैसे शेडनेटला घाला. पॉलिहाऊसवाल्यांकडे मिळणारी 75 टक्क्यांची हिरवी जाळी चार पाइपांवर ताणून बांधा, टपापासून किमान दोन फूट वर. जाळी गाडीला कुठेच टेकता कामा नये. पश्चिमेची बाजूही झाका, दुपारी तीननंतरचं ऊन तिथूनच आत येतं. जाळीवर साठलेली धूळ महिन्यातून एकदा, गाडी बाहेर काढून, नळीने धुवा.